गरीची काठी, गुढीची काठी

लक्ष्मीकांतराव गुप्त्यांनी गुढी उभारायला बापाची मासे धरायची काठी का घेतली, हे समजून घ्यायचं तर आदल्या वर्षीच्या पाडव्यापासून सुरुवात करावी लागते. आणि तो विषय त्यांच्या घरात काढायची सोय नाही. पण आपण काही त्यांच्या घरात बसलेलो नाही.

झालं असं, की बँकेने लक्ष्मीकांतरावांची बदली लखनौला केली, आलमबागेत भाड्याचं घर मिळालं, आणि सामान सोडतात न सोडतात तोच पाडवा आला. विनीताबाईंनी नवऱ्याला काठी आणायला पिटाळलं. लक्ष्मीकांतराव पहाटे अंघोळ करून निघाले, बाजारातून एक लांबलचक हिरवा बांबू घेतला, एक नवं कोरं कापड घेतलं, झेंडूचा हार घेतला, आणि तो बांबू खांद्यावर टाकून गंभीर चेहऱ्याने गल्लीतून चालत आले. चेहरा गंभीर होता कारण बांबू टोचत होता. पण लखनौत असं सामान घेऊन माणूस एकाच कामाला निघालेला असतो. घरात येऊन त्यांनी घाम पुसला नाही तोच शेजारचे अवस्थीजी पांढरा कुर्ता घालून दारात उभे. "भाईसाहब, यह कब हुआ?" त्यांच्या मागे आणखी माणसं, आणि कोपऱ्यावरचा हलवाई तर बर्फाची लादी कुठे मिळेल याच्या चौकशीला निघालेला. विनीताबाईंनी सगळ्यांना गच्चीवर नेऊन गुढी दाखवली, श्रीखंड खाऊ घातलं, तेव्हा कुठे ते पटलं. जाताना अवस्थीजी एवढंच म्हणाले, "गुप्ता जी, त्योहार बहुत सुंदर है, बस ज़रा डरावना है." गुप्ते हे आडनाव लखनौने पहिल्याच आठवड्यात गुप्ता करून टाकलं होतं, त्याबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता.

त्या दिवशी विनीताबाईंनी जाहीर केलं, की या घरात पुन्हा बांबू येणार नाही.

म्हणून या वर्षी पाडव्याच्या सकाळी लक्ष्मीकांतराव कपाटावर ठेवलेल्या अण्णांच्या काठीकडे बघत उभे होते.

"ती नको हं," विनीताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. नवरा कशाकडे बघतोय ते त्यांना भिंतीपलीकडून कळायचं.

"अगं, संध्याकाळी उतरवली की जागच्या जागी. अण्णा ग्वाल्हेरला उत्कर्षाकडे. रामनवमीला यायचे. त्यांना कुठे कळतंय?"

आता ही काठी साधी नव्हती. अण्णा म्हणजे लक्ष्मीकांतरावांचे वडील, आणि ग्वाल्हेरची उत्कर्षा ही त्यांची लेक. रेवदंड्याला कस्टममध्ये नोकरी, तिथूनच रिटायर, आणि उभा जन्म फावल्या वेळात गरवण्यात गेलेला. गळ टाकून मासे धरायला आमच्याकडे गरवणं म्हणतात, आणि त्या दोरी-गळाला गरी. काठ्या ते स्वतः करायचे. परसातला बांबू निवडून तोडायचा, सावलीत वाळवायचा, चुलीच्या धुरावर धरायचा, तेल पाजायचं, कड्या रेशमाने बांधायच्या. गावातल्या कोणाला काठी हवी असली की अण्णा आधी म्हणायचे, "हात पुढे कर." कोपरापासून मुठीपर्यंत हात मापायचा, मूठ दाबून बघायची, मगच बांबू शोधायला जायचं. एकाची काठी दुसऱ्याच्या हाताला बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्वतःची काठी त्यांनी दोन तुकड्यांत केली होती, मध्ये पितळेची नळी, म्हणजे गाडीतून नेता यावी. आदल्या पावसाळ्यात आई गेली, आणि अण्णा एक वळकटी आणि ही काठी घेऊन लखनौला मुलाकडे आले.

घरात अण्णा बोलत नसत. चहा दिला की "ठेव", जेवण वाढलं की "पुरे". दुपारी टेंपोने सरोजिनी नगरकडे जायचं, तिथल्या एका तळ्यावर काठी घेऊन बसायचं, दिवेलागणीला रिकाम्या हाताने परत. होळीच्या दिवशी मात्र ते एकदम सलग बोलले. "रामनवमी झाली की मी रेवदंड्याला जातो. पेन्शन तिकडे फिरवायचं बघ." लक्ष्मीकांतरावांनी विचारलं, का? तर म्हणाले, "तिथे मेलो तर माणसं येतील. इथे खांद्याला चौथा मिळायचा नाही. तू एक. ते शेजारचे अवस्थी दुसरे. पुढे सांग."

लक्ष्मीकांतराव तिसरं बोट धरून बसले. त्यांना फार वाईट वाटलं. रेवदंड्याच्या त्या घरात म्हातारा माणूस एकटा दिवा लावतोय, एकट्यासाठी भात टाकतोय, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांना बाप जवळ हवा होता. पण हे बापाला कसं सांगायचं, ते गुप्त्यांच्या घरात कोणाला येत नाही. अण्णांना लखनौत धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे ते तळं आणि ही काठी.

आणि ती काठी लक्ष्मीकांतरावांनी गुढीला लावली.

तीही उलटी. शेंड्यावर तांब्या बसेना, म्हणून जाड टोक वर केलं आणि नाजूक शेंडा गच्चीच्या कठड्याला बांधला. वर विनीताबाईंची जरीची साडी, पितळी तांब्या, कडुनिंबाची डहाळी, आणि गाठी मिळेनात म्हणून बत्ताशांची माळ. "बघ, कशी डौलदार वाकली आहे," लक्ष्मीकांतराव म्हणाले. काठी डौलाने वाकली नव्हती, ती विनवणी करत होती.

आलमबागेतली माकडं बत्ताशे ओळखतात. एक दांडगा हुप्प्या पिंपळावरून आला, थेट साडीला लोंबकळला, आणि काठी कडकन मोडली. गुप्त्यांची लहानगी लेक अबोली टाळ्या वाजवत खाली धावली, "मम्मी, बंदर साड़ी पहन के भाग गया!" साडी दुपारपर्यंत पिंपळावर फडफडत होती. येणारे-जाणारे तिला हात जोडत होते.

"सांगून टाका अण्णांना," विनीताबाई म्हणाल्या. साडीचं दुःख गिळून त्या हे म्हणाल्या, याची नोंद लक्ष्मीकांतरावांनी घ्यायला हवी होती.

"सांगू? आणि ते काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत! गुपचूप वळकटी बांधतील. नाही, नाही. रामनवमीच्या आत मी ही जोडतो. कळणारसुद्धा नाही." लक्ष्मीकांतराव स्वतःला हाताचे कारागीर समजत. घरची इस्त्री त्यांनीच दुरुस्त केली होती. तेव्हापासून तिला हात लावायला कोणी धजत नाही, तो भाग वेगळा.

पहिली अडचण अशी, की पाडव्यालाच तिकडे चैत्राचं नवरात्र बसतं. सगळी गल्ली उपासाला. कांदा-लसूण बंद, आणि अशा दिवसांत एक गुप्ता जी मासे धरायची काठी घेऊन दारोदार सल्ला विचारत फिरतोय, हे शोभलं नसतं. म्हणून लक्ष्मीकांतरावांनी काठी चादरीत गुंडाळली आणि अवस्थीजींना नुसतं विचारलं, की बांबूची वस्तू मोडली तर कशी जोडावी?

अवस्थीजी राज्य सरकारच्या कुठल्याशा खात्यात होते आणि परोपकार हा त्यांचा खरा हुद्दा. "वस्तु मतलब? चारपाई? सीढ़ी?"

"नहीं... वो... अण्णांची... पिताजी की लाठी."

अवस्थीजींचा चेहरा पडला. "बाबूजी की लाठी टूट गई? अपने आप?"

"हाँ, मतलब... बंदर..."

"बंदर ने!" अवस्थीजींनी हात जोडले. वडीलधाऱ्याची काठी, नवरात्रीत, हनुमानजींच्या हस्ते मोडली, याचा अर्थ त्यांनी मनात लावला आणि तो लक्ष्मीकांतरावांना सांगितला नाही. "ग्वालियर में सब कुशल है न? हमारा फोन भी मुआ तीन रोज़ से बंद पड़ा है." मग त्यांनी सल्ला दिला, की काठी जोडू नये, गंगेत सोडावी.

दुसरा प्रयत्न म्हणून लक्ष्मीकांतराव हजरतगंजच्या वाचनालयात गेले. तिथे खरोखरच काठ्या बनवण्यावर एक विलायती पुस्तक निघालं. त्यातलं पहिलंच वाक्य असं होतं, की बांबू तोडल्यावर तो निदान एक वर्ष वाळू द्यावा. लक्ष्मीकांतरावांनी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

मग ते चादरीतली काठी घेऊन तळ्यावर गेले. आयुष्यात पहिल्यांदा. अण्णा आल्यापासून इतके महिने झाले, पण बाप रोज जातो ती जागा बघावी, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि तिथे पोचल्यावर ते त्यांनाच खटकलं. काठावर एक सडपातळ वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसले होते. सिद्दीकीसाहेब, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. लक्ष्मीकांतरावांनी नाव सांगताच ते उठून उभेच राहिले. "अरे! आप अण्णा साहब के साहबज़ादे! तशरीफ़ रखिए. आप तो बिलकुल वैसे हैं जैसा वो बताते हैं."

"बताते हैं? अण्णा?"

"हुज़ूर, वो चुप कहाँ रहते हैं! समंदर के क़िस्से, कस्टम के क़िस्से, भाभीजान, अल्लाह उनको जन्नत दे, उनके हाथ की मछली के क़िस्से. हम लोग तो शाम तक बैठे सुनते हैं."

घरात "ठेव" आणि "पुरे" म्हणणारा बाप इथे गोष्टी सांगतो! लक्ष्मीकांतरावांना हे ऐकून आनंद झाला, आणि पाठोपाठ थोडं लागलंही. त्यांनी जरा अडखळत विचारलं, "मेरे बारे में क्या कहते हैं?"

"बहुत फ़ख़्र है आप पर. कहते हैं लड़का बड़ा अफ़सर है, दिल का नेक है." सिद्दीकीसाहेब थांबले. खोटं बोलणं त्यांच्या तहजिबीत बसत नव्हतं. "बस, कहते हैं, हाथ में हुनर नहीं है."

मग त्यांनी आपली काठी दाखवली. नवी, तेल पाजलेली, तांबड्या रेशमाने बांधलेली. अण्णांनी हिवाळ्यात त्यांचा हात मापून करून दिली होती, चहाच्या टपरीवाल्याकडचा जुना, वाळलेला बांबू त्याच्याच भट्टीवर धरून. मोडलेली काठी बघून सिद्दीकीसाहेबांनी मान हलवली. "यह अब मछली की नहीं रही. पर बेटा जोड़े तो बाप मना नहीं करता. जोड़ लीजिए."

लक्ष्मीकांतरावांच्या डोक्यात दोनच शब्द राहिले: हुनर नहीं. म्हणजे आता प्रश्न नुसता काठीचा नव्हता.

सप्तमीच्या दिवशी त्यांनी मागच्या अंगणात दुकान मांडलं. दोन ट्यूबा मिसळून करायचा तो गोंद, विनीताबाईंच्या भरतकामातलं रेशीम, आणि बांबूच्या दोन कामट्या. मोडलेल्या जागी गोंद भरायचा, कामट्या लावायच्या आणि वर रेशमाचे वेढे शेजारी-शेजारी घट्ट बसवायचे. वेढे घट्ट बसायला धाग्याला ताण हवा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कामटी, मग धागा कशात धरायचा? लक्ष्मीकांतरावांनी तो दातात धरला आणि काठीवर वाकून कामाला लागले. काम इतकं छान चाललं होतं, की ते चक्क गुणगुणत होते. वेढे संपले, गाठ मारली, मान वर करायला गेले, आणि काठी बरोबर वर आली.

मिशी चिकटली होती.

लक्ष्मीकांतरावांची मिशी हा गुप्ते घराण्यातला एक भारदस्त ऐवज होता. लग्नाआधी ठेवलेली, रोज कातरून नीट केलेली. ती आता काठीत होती आणि ते मिशीत होते. "विनीता!" त्यांनी हाक मारली, ती "विईआ" अशी बाहेर आली. विनीताबाई आल्या, बघितलं, आणि हसू दाबताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग कात्री. अर्धी मिशी काठीत राहिली आणि अर्धी ओठावर. अशा अवस्थेत बँकेचा अधिकारी समाजात वावरू शकत नाही, म्हणून लक्ष्मीकांतराव तोंडाला रुमाल लावून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले.

"पूरी उतार दूँ, बाबूजी?" न्हाव्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"उतार दो. अब क्या रखना."

न्हाव्याने रेडिओ बंद केला. एरवी तो देशाच्या राजकारणावर बोलायचा, आज एक शब्द नाही. काम झाल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत, उलट दारापर्यंत सोडायला आला. लक्ष्मीकांतरावांना वाटलं, शेवटी या गल्लीत आपल्याला मान मिळायला लागला.

त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ठाऊक असायचं कारणच नव्हतं, आपल्याकडे मिशी ठेवली काय, काढली काय, बायकोखेरीज कोणी विचारत नाही. पण तिकडे बाप जिवंत असेपर्यंत मुलगा मिशी उतरवत नाही. उतरवली, म्हणजे काय समजायचं ते लोक समजतात.

अष्टमीला ते बँकेत गेले. मॅनेजरनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्चीवरून उठले. "गुप्ता जी, आप घर जाइए. छुट्टी हम देख लेंगे." हेच मॅनेजर गणपतीची सुटी मागितल्यावर तीन अर्ज लिहून घेतात! लक्ष्मीकांतराव तरंगतच बाहेर पडले. मोकळा वेळ मिळालाच आहे, तर जोडलेली काठी नाही आवडली तरी एक अख्खी नवी काठी करून ठेवू, असा उदात्त विचार मनात आला, आणि ते विनीताबाईंचा हुकूम मोडून बांबूवाल्याकडे गेले.

"एक बाँस देना. अच्छा, सीधा."

बांबूवाला त्यांच्या ओठाकडे बघून म्हणाला, "बाबूजी, दो लगते हैं."

विकायला बसलेला माणूस दोनच म्हणणार. पण एक बिघडला तर हाताशी असावा म्हणून लक्ष्मीकांतरावांनी दोन घेतले. बांबूवाल्याने वर मुंज गवताची दोरी फुकट दिली. ते सगळं सायकलरिक्षावर आडवं टाकून, उन्हाने लाल झालेला सफाचट चेहरा घेऊन लक्ष्मीकांतराव गल्लीत शिरले. हलवायाने दुकानातून बाहेर येऊन हात जोडले. यांनीही जोडले. घरी जाऊन अंगणाचं दार लावून घेतलं आणि अंधार पडेपर्यंत ते बांबू तासत बसले. विनीताबाईंनी दोन्ही बांबू बघितले, आत गेल्या आणि सरळ झोपल्या.

रामनवमीला सकाळी लक्ष्मीकांतराव दूध आणायला दार उघडतात, तर समोर सतरंजी अंथरलेली. तिच्यावर गल्ली बसलेली. पांढरे कुर्ते, खाली माना. हलवाई, न्हावी, अवस्थीजी, बँकेचे मॅनेजर, कॅशियर, पलीकडच्या गल्लीतले वैद्य, आणि ज्यांना लक्ष्मीकांतरावांनी कधी पाहिलं नव्हतं अशीसुद्धा माणसं. पायऱ्यांजवळ कोरी मडकी.

"कोण गेलं?" हा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, पण अवस्थीजींनी त्यांना मिठीत घेऊन तो दाबून टाकला. "कुछ मत कहिए. दुखी आदमी से हम कुछ पूछते नहीं, यह हमारा उसूल है. हमने सब कर दिया है. पार्थिव ग्वालियर वाली गाड़ी से ही आ रहा है न?"

लक्ष्मीकांतराव गल्लीच्या तोंडाकडे बघायला लागले. क्षणभर त्यांनाच वाटलं, की अण्णा खरंच गेले आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. मग सगळं हळूहळू उलगडलं: मिशी, दोन बांबू, मुंजाची दोरी. "अहो, नाही! अवस्थी जी, अण्णा ज़िंदा हैं!"

"बिलकुल ज़िंदा हैं," अवस्थीजी रडत म्हणाले. "हम सबके दिल में."

"तसं नव्हे! सचमुच ज़िंदा हैं!"

"सदमा है," वैद्य हळूच म्हणाले. "होता है. इनको बैठाइए, पानी दीजिए."

मॅनेजर पुढे झाले. "गुप्ता जी, पेंशन की चिंता मत कीजिएगा. बाबूजी की पेंशन हमने कल ही रुकवा दी." अण्णांचं पेन्शन रेवदंड्याहून लखनौला यायला सगळा हिवाळा लागला होता. ते बंद व्हायला एक दुपार पुरली.

तेवढ्यात बायका आत शिरून विनीताबाईंच्या गळ्यात पडल्या आणि आतून रडण्याचा आवाज सुरू झाला. विनीताबाई "अहो, ऐका तरी" म्हणत होत्या, पण मराठीत म्हणत होत्या, त्यामुळे तो शोकच वाटत होता. इकडे बाहेर हलवाई आणि कॅशियर यांच्यात कुजबुजत भांडण लागलं, की पुढच्या बाजूला खांदा कोण देणार. हलवाई म्हणे, बाबूजी रोज माझ्याकडे जिलबी घेत. कॅशियर म्हणे, पेन्शन मीच मोजून देत होतो. अवस्थीजी म्हणाले, शेजाऱ्याचा हक्क पहिला, बाकीच्यांनी मागे लागावं.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी सिद्दीकीसाहेब दिसले; टेंपोवाल्यांनी खबर तळ्यापर्यंत नेली होती. शेरवानी घातलेली, हातात ती तांबड्या रेशमाची काठी. त्यांनी ती पुढे केली. "यह उन्होंने मेरे हाथ के नाप की बनाई थी," ते लक्ष्मीकांतरावांना म्हणाले. "अब यह उन्हीं के साथ जाए. मैं अकेला वहाँ बैठ के क्या करूँगा?"

लक्ष्मीकांतरावांना त्यांना सांगायचं होतं, की अहो, जिवंत आहेत. पण त्यांनी आधी त्या म्हाताऱ्या माणसाला धरून सतरंजीवर बसवलं.

तेव्हाच रिक्षा आली. अण्णा उतरले. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात उत्कर्षाने दिलेला लाडवांचा डबा. गाडीत झोप न झालेला माणूस, समोर पांढरे कुर्ते आणि मडकी बघून थबकला. डबा खाली ठेवला, चपला काढल्या, आणि सतरंजीजवळ येऊन खालच्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

न्हाव्याने डोळे मिटून घेतले. शेवटी सिद्दीकीसाहेबांनीच तोंड उघडलं, कारण अण्णांशी खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"हुज़ूर... आप."

"मी?" अण्णा म्हणाले. "कधी?"

अवस्थीजींनी त्यांचे पाय धरले, तपासले आणि पुन्हा धरले. पुढचा काही वेळ कोण काय बोलत होतं ते सांगता येणार नाही. पण आत बायकांना कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे आतलं रडणं चालूच होतं. अवस्थीजींच्या पत्नी अण्णांचे गुण सांगून रडत होत्या, की संध्याकाळी परतताना बाबूजी न बोलता पोरांच्या हातावर जिलबी ठेवायचे, अब कौन देगा. अण्णा दारात उभे राहून ते ऐकत होते. त्यांनी कोणाला थांबवलं नाही.

मग ते सतरंजीवर येऊन बसले, इतरांच्या बरोबरीने, मांडी घालून. एकेका चेहऱ्याकडे बघत राहिले.

"हे सगळे माझ्यासाठी आलेत?"

"हो," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"रामनवमीच्या दिवशी? सुटी सोडून?"

"हो, अण्णा."

"और कंधे को लेकर तो साहब," सिद्दीकीसाहेब हसत-रडत म्हणाले, "अभी झगड़ा चल रहा था."

अण्णांनी उपरण्याने डोळे पुसले. आई गेली तेव्हाही लक्ष्मीकांतरावांनी बापाच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं. आता ते वाहत होतं आणि अण्णा ते लपवत नव्हते. लक्ष्मीकांतरावांना राहवेना. ते आत गेले, काठी घेऊन आले, आणि सगळं सांगून टाकलं. गुढी, तांब्या, माकड, गोंद, सगळं. गल्लीनेही ते पहिल्यांदाच ऐकलं. नवरात्रीत माशांची काठी, हे कळल्यावर अवस्थीजींनी फक्त एकदा खाकरून घेतलं.

अण्णांनी काठी हातात घेतली. वाकवून बघितली. ती वाकली नाही. जोडावरून बोट फिरवलं, रेशमाच्या वेढ्यांवर ते जरा रेंगाळलं, आणि एकदम थांबलं. "हे काळं काय चिकटलंय?"

"मिशी," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

तेव्हा कुठे अण्णांनी मुलाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. न्हाव्याने पुढे होऊन मिशीचा सगळा रिवाज समजावून सांगितला आणि आपली चूक नव्हती हेही सांगितलं. अण्णा हसले. आधी नुसते ओठ हलले, मग खांदे हलले, मग ते सतरंजीवर मागे रेलून खदखदून हसायला लागले. घरातून विनीताबाई धावत बाहेर आल्या, कारण हा आवाज लखनौच्या घरात कोणी ऐकलाच नव्हता.

"मासा हिला विचारणार नाही," अण्णा अखेर म्हणाले. "हिला गुढीला ठेव. पुढच्या पाडव्याला मी बांधून देतो. तांब्या कसा बांधायचा, तेही तुला येत नाही." मग अंगणात पडलेल्या बांबूंकडे गेले, बोटाने ठोकून आवाज ऐकला. "ओले आहेत. एक तू तासून घालवलास. दुसरा बरा आहे. सावलीत वर्षभर पडू दे."

"वर्षभर?" लक्ष्मीकांतरावांच्या तोंडून निघून गेलं. "पण अण्णा, रेवदंडा... ते पेन्शन..."

विनीताबाईंनी नवऱ्याला कोपराने असं ढोसलं, की पुढचं वाक्य आतच राहिलं. त्यांनी वळकटी उचलली आणि सरळ अण्णांच्या खोलीत नेऊन सोडली.

"पेन्शनचं मी बघतो. मॅनेजर इथेच बसलेत, त्यांनी मला जिवंत पाहिलंय," अण्णा म्हणाले. मग मुलाकडे वळले. "हात पुढे कर."

लक्ष्मीकांतरावांनी हात पुढे केला. अण्णांनी कोपरापासून मुठीपर्यंत वीत टाकून मापलं, मूठ दाबून बघितली, तळवा उलटा करून गोंदाचे डाग बघितले. अंगणाच्या दारातून सगळी गल्ली बघत होती. अण्णांनी हात लगेच सोडला नाही.

"काठी पुढच्या वर्षी मिळेल," ते म्हणाले. "तोवर ती मिशी वाढव आधी. बाप जिवंत आहे तुझा."